कोड्याचे उत्तर आणि साक्षीदाराचे उत्तर

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे आणि कोड्यांचा त्याला लहानपणापासून नाद आहे. त्याच्या मामाने आपला जुना निन्टेन्डो थ्रीडीएस (हातात धरून खेळायचे यंत्र) त्याला दिला असून त्यासोबत ‘प्रोफेसर लेटन व्हर्सेस फीनिक्स राइट : एस अॅटर्नी’ हा खेळही आला आहे. कोडी सोडवण्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्यात चेटकिणींवरचे खटले आणि आगीत टाकण्याची शिक्षा पाहून मी थबकले. कोड्यांच्या खेळात कोर्ट कशासाठी आणले असावे, आणि मुलाने हा खेळ खेळावा का? – एक आई, ऐरोली

उत्तर : हा मुळात दोन स्वतंत्र मालिकांचा संगम आहे. फीनिक्स राइट या बचाव पक्षाच्या वकिलाची मालिका जपानमध्ये २००१ साली सुरू झाली आणि कोडी सोडवणाऱ्या प्रोफेसर लेटनची २००७ साली. पहिली कॅपकॉमची, दुसरी लेव्हल-फाइव्हची. या दोन कंपन्यांनी मिळून केलेला हा खेळ जपानमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि युरोप-अमेरिकेत २०१४ मध्ये आला. कथा लिहिली ती वकिलाच्या मालिकेचे जनक शू ताकुमी यांनी, त्यामुळे कोर्टाची बाजू त्यात विशेष भक्कम झाली आहे.

दोन्ही एकत्र का आणले, याचे उत्तर मला खेळातच सापडले. तुमच्या मुलाला हे कोडे घालून पाहा. गणपतीत फराळाचे तीन डबे आले, त्यांवर ‘मोदक’, ‘करंज्या’ आणि ‘दोन्ही’ अशा चिठ्ठ्या आहेत, आणि तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. एकाच डब्यातून न पाहता एकच पदार्थ काढून तिन्ही डबे ओळखायचे आहेत. जो मुलगा ‘दोन्ही’ लिहिलेल्या डब्यात हात घालतो, त्याचे काम झाले. कारण त्या डब्यात एकच पदार्थ असणार हे नक्की असते, आणि समजा मोदक हाती आला तर ‘करंज्या’ लिहिलेल्या डब्यात दोन्ही आणि ‘मोदक’ लिहिलेल्यात करंज्या हे आपोआप ठरते. इथे चिठ्ठ्या खोट्या असल्या तरी कोडे घालणाऱ्याने ते आधीच सांगून टाकलेले असते. तो आपल्याला चकवतो, पण फसवत नाही. उत्तरासाठी लागणारे सगळे काही प्रश्नातच ठेवलेले असते.

साक्षीदाराचे तसे नसते. समजा, एक गृहस्थ सांगतात की तलावपाळीवर मुसळधार पावसात छत्रीविना मी रिक्षाची वाट पाहत उभा होतो आणि समोरून पळणाऱ्या आरोपीचा चेहरा मला चष्म्यातून स्वच्छ दिसला. या विधानात उघड खोटे काहीच नाही. पण वकिलाने विचारले, ‘चष्मा ओला नव्हता का?’ तर ते म्हणतील, ‘पुसला होता.’ कशाने? ‘शर्टाने.’ तासभर पावसात उभ्या असलेल्या माणसाचा शर्ट कोरडा होता? मग ते कुठेतरी आडोशाला उभे असणार, आणि आडोशाला असतील तर त्यांनी सांगितलेल्या जागेवर ते नव्हतेच. उत्तर प्रश्नात ठेवलेले नव्हते, एकेक प्रश्न विचारून ते बाहेर काढावे लागले. फीनिक्स राइटच्या खेळात खेळाडूला नेमके हेच करायचे असते : साक्षीतल्या प्रत्येक वाक्यावर थांबून ‘आणखी सांगा’ म्हणायचे, आणि एखादे वाक्य पुराव्याशी जुळत नसेल तर तो पुरावा त्याच वाक्यावर ठेवायचा. चुकीच्या जागी ठेवला तर दंड होतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही.

आता चेटकिणींविषयी. कथा घडते ती लॅबिरिंथिया नावाच्या तटबंदीच्या, मध्ययुगीन वळणाच्या नगरात, जिथे एका कथाकाराने लिहिलेले जसेच्या तसे घडते असे लोक मानतात आणि जादू सर्वांनी खरी धरलेली आहे. एस्पेला नावाच्या मुलीवर चेटकीण असल्याचा आळ येतो. मला या खेळातली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. जादू खरी असेल तर वकिलाने काय करायचे? कोणीही म्हणेल की भिंतीतून चेटकीण आली आणि गेली, आणि युक्तिवाद तिथेच संपेल. पण खेळात मंत्रांचे एक पुस्तकच पुराव्यात दाखल होते. कोणत्या मंत्राने काय होते, तो कसा उच्चारावा लागतो, हे त्यात लिहिलेले आहे. एकदा नियम ठरले की जादूचीही उलटतपासणी घेता येते : हा मंत्र इथे चालला असता तर अमुक खूण राहायला हवी होती, ती कुठे आहे? नियम माहीत असतील तर आपल्या नसलेल्या जगातही तर्क करता येतो, हे चौदा वर्षांच्या मुलाला इतक्या सरळपणे दाखवणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही.

शिक्षेचे वर्णन अंगावर येणारे आहे, हे खरे. म्हणून चेटकिणीचा पहिला खटला तुम्ही त्याच्याशेजारी बसून पाहावा असे मी सुचवीन. बाईला चेटकीण ठरवून छळणे ही आपल्यासाठी केवळ परीकथेतली गोष्ट नाही; करणी-भानामतीचे आळ आपल्या राज्यातही घेतले गेले, आणि त्यासाठी २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. मुलाने हे विचारले तर टाळू नका.

प्रश्न : मी ठाण्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. या खेळात एकाच वेळी अनेक साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहतात आणि एकाची साक्ष चालू असताना दुसऱ्याला मध्येच प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे असे शक्य आहे का? यातून उलटतपासणी शिकता येईल का? – एक विद्यार्थिनी, नौपाडा

उत्तर : शक्य नाही. आपल्याकडे साक्षीदार एकेक करून तपासले जातात आणि ज्याची साक्ष व्हायची आहे त्याला सहसा बाहेर बसवतात, कारण आधीच्याचे ऐकून त्याने आपले सांगणे जुळवून घेऊ नये. खेळाने हाच धोका उलटा फिरवला आहे : एकाचे बोलणे ऐकताना शेजारचा दचकला की खेळाडूने त्याच्याकडे वळून ‘तुम्हाला काय आठवले?’ असे विचारायचे. खेळ म्हणून ही युक्ती अतिशय सुंदर आहे. ताकुमींनी पुढे ‘द ग्रेट एस अॅटर्नी’मध्येही ती वापरली.

याहून मोठा फरक सिद्धतेच्या भाराचा आहे. खेळात आरोपी सुटायचा तर बहुधा खरा गुन्हेगारच शोधून द्यावा लागतो. आपल्याकडे आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. बचावाच्या वकिलाने वाजवी संशय निर्माण केला तरी पुरते, गुन्हेगार पकडून देणे हे त्याचे काम नव्हे. हे मनात पक्के ठेवूनच खेळा.

शिकण्यासारखे मात्र नक्की आहे. साक्षीदाराच्या आधीच्या लेखी जबाबाशी त्याचे कोर्टातले बोलणे ताडून पाहणे, ज्यासाठी जुन्या पुरावा कायद्यात कलम १४५ होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम १४८ आहे, त्याचा पाया या खेळातल्या कामाशी अगदी जुळतो. कोर्टात ज्याला ‘कॉन्ट्राडिक्शन’ म्हणतात ते, म्हणजे दोन सांगण्यांतली विसंगती, तुम्हाला खेळातून चटकन ओळखता येऊ लागेल. ‘ओमिशन’, म्हणजे आधीच्या जबाबात मुळातच नसलेली आणि कोर्टात प्रथमच आलेली गोष्ट, ओळखणे अधिक अवघड असते, आणि ते खेळ फारसे शिकवत नाही. त्यासाठी कॉलेजला सुट्टी पण कोर्ट चालू असेल अशा दिवशी कोर्ट नाक्याला जाऊन सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसा. फौजदारी खटले सामान्यतः खुल्या न्यायालयात चालतात. प्रश्न किती छोटे असतात आणि चांगला वकील कुठे थांबतो, एवढेच वहीत टिपत जा.

प्रश्न : हा खेळ आता कुठे मिळेल? आधीचे खेळ खेळलेच पाहिजेत का? – एक वाचक, नेरुळ

उत्तर : आधीचे खेळले नसले तरी कथा समजते. थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये नवीन खरेदीसाठी बंद झाले, त्यामुळे आता जुनी कार्ट्रिजच (यंत्रात घालायची खेळाची छोटी पट्टी) शोधावी लागते. घेताना एक काळजी घ्या : या यंत्राला प्रदेशाचे बंधन आहे, म्हणून अमेरिकेतले यंत्र असेल तर कार्ट्रिजही अमेरिकेतलीच हवी. संवाद भरपूर असून सगळे इंग्रजीत आहेत, तेव्हा घाईने पुढे जाऊ नका. कोडी मात्र लेटनच्या स्वतंत्र खेळांपेक्षा कमी आणि सोपी आहेत, आणि शेवटची प्रकरणे मला लांबलेली वाटली. यंत्र मिळालेच नाही, तर फीनिक्स राइटचे पहिले तीन खेळ एकत्र असलेला संच संगणकावर आणि मोबाइलवर मिळतो, आणि लेटनचा पहिला खेळही मोबाइलवर आहे. आधी वकिलाचा घ्या. त्यातला पहिला खटला एका संध्याकाळी संपतो.