तुझी खोली कुठली होती?

चि. सोनूस,

घणसोलीहून परतताना विमानात तू विचारलेस, "आई, तुझी खोली कुठली होती?" माझी अशी खोलीच नव्हती म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहून तू म्हणालास, "म्हणजे तुम्ही गरीब होता का?" तेव्हा मी हसून विषय टाळला, पण तो प्रश्न मनाला लागला, म्हणून हे लिहिते आहे. लगेच वाचायलाच हवे असे नाही.

वाशीचे आमचे घर सिडकोचे, वन रूम किचन. रात्री गाद्या पसरल्या की हॉलची बेडरूम होई आणि सकाळी गाद्या गुंडाळल्या की पुन्हा हॉल. घणसोलीला, माझ्या आजोळी, जागा भरपूर होती. पण तिथे खोल्या कोणी मोजत नसे, खण मोजत, म्हणजे दोन खांबांमधली जागा. पाच खणांचे कौलारू घर, पुढे ओटी, मग माजघर, मागे चूल आणि पडवी. खरे तर ते घर माणसांपेक्षा भातासाठीच बांधलेले होते. माजघराची निम्मी जागा भात साठवायच्या कणगीने अडवलेली असे आणि मे महिन्यात आम्ही सहा मावसभावंडे उरलेल्या सारवलेल्या जमिनीवर गोधड्या टाकून झोपत असू. कणगीला पाठ टेकली की शेणाने लिंपलेला तो कूड गार लागे, आणि बोटाने पोपडा उकरला की आतले दाणे घरंगळत. त्यापायी आजीचा धपाटाही मी खाल्ला आहे.

1970 नंतर नव्या मुंबईसाठी ज्या 95 गावांच्या जमिनी संपादित होत गेल्या, त्यांत घणसोलीही होती. शेत गेले तशी कणगी रिकामी झाली. मुले मोठी झाली, भाडेकरूंसाठी खोल्या हव्या होत्या, म्हणून मामाआजोबांनी कौले उतरवली आणि तू पाहिलीस ती चार मजली इमारत उभी केली.

मी जुन्या घराचे गोडवे गाते आहे असे मात्र समजू नकोस. ओटीवर पाहुणे बसलेले असले की आजी माजघराच्या दाराआडूनच बोलत असे. तिची हक्काची जागा म्हणजे चुलीपुढचा पाट. दहावीच्या वर्षी सगळे झोपल्यावर वाशीच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून उभ्याने अभ्यास करताना मलाही एखादे दार लावून घ्यावेसे फार वाटे. म्हणून तुझे दार मी वाजवते. हात आधी कडीवर जातो, हे कबूल.

आम्ही गरीब होतो का, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. कणगी भरलेली असताना तसे कधी वाटले नव्हते एवढे खरे.

इमारतीच्या दारापुढे जिथे मोटारसायकली लावतात, त्या फरशीला मामीआजी अजून ओटीच म्हणतात. संध्याकाळी गाड्या सरकवून त्या शेजारणींसह तिथे कोलंबी सोलत बसतात. निघायच्या आदल्या दिवशी तूही त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला होतास, आणि तुला हाक मारायला आलेली मी तशीच माघारी वळले.

तुझी,
आई