काळी माती म्हटलं की झालं ना, मग सर्व्हे रिपोर्टात ‘हायपरथर्मिक टिपिक हॅप्लस्टर्ट’ कशाला लिहितात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की काटोलकडच्या तुमच्या शेताच्या सर्व्हे रिपोर्टात मातीचं नाव ‘व्हेरी फाइन, स्मेक्टिटिक, हायपरथर्मिक टिपिक हॅप्लस्टर्ट’ असं आलंय, मागे पावसाचा आणि तापमानाचा तक्ता जोडलाय, तर हे नाव ठरवतात कशावरून आणि मातीच्या नावात हवामान कशाला. शेवटचा प्रश्न मस्त आहे, कारण मी एमएस्सीला मृदशास्त्र घेतलं तेव्हा मलाही हे कळत नव्हतं, नुसतं पाठ केलं होतं. पुढे विदर्भात सर्व्हेच्या कामावर तीन सीझन काढले (खड्डे खणणारे दुसरे, मी आत उतरून वही भरणारा) तेव्हा कुठे टाळक्यात शिरलं.

आधी नाव फोडू. हे नाव मागून पुढे वाचायचं. ‘हॅप्लस्टर्ट’मधलं शेवटचं ‘अर्ट’ म्हणजे व्हर्टिसॉल, अमेरिकन सॉइल टॅक्सॉनॉमीत (मातीच्या वर्गीकरणाच्या पद्धतीत) एकूण 12 ऑर्डर, म्हणजे सगळ्यात मोठे गट, आहेत त्यातली एक, आपल्याकडे हीच पद्धत वापरतात. लॅटिनमध्ये उलटणे या अर्थाचा शब्द आहे त्यावरून हे नाव, कारण ही माती स्वतःच स्वतःला खालीवर करते, उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यात ढासळते, मग पावसाळ्यात माती फुगते पण भेगेत आधीच माल भरलेला असल्यामुळे तिला जागाच उरत नाही, मग ती आतल्या आत एकमेकीवर घासत वर ढकलली जाते. मधलं ‘अस्ट’ म्हणजे भाजलेलं, जळालेलं. इथे तुमचं हवामान आलं. ‘हॅपल’ म्हणजे साधं, म्हणजे चुन्याचा, जिप्समचा, मिठाचा असा नाव द्यावा इतका ठळक थर वरच्या मीटरभरात नाही. ‘टिपिक’ म्हणजे आणखी काही विशेष सांगण्यासारखं नाही, नमुनेदार. व्हेरी फाइन म्हणजे चिकणमाती 60 टक्के किंवा जास्त, स्मेक्टिटिक म्हणजे बेसॉल्ट झिजून तयार झालेलं ते फुगणारं खनिज. हायपरथर्मिककडे शेवटी येतो.

आता व्हर्टिसॉल आहे हे ठरवतात कसं, तर खड्ड्यात उतरूनच, दुसरा उपाय नाही. साधारण दीड मीटरचा खड्डा घेतात, उन्हाची बाजू बघून एक भिंत चाकूने खरवडतात आणि वरून खाली एकेक थर लिहीत जातात, रंग मुन्सेलच्या चार्टवर जुळवायचा (तुमच्याकडे 10 वायआर 3/1 किंवा 3/2 असं काहीतरी लिहिलेलं सापडेल), ओली माती चिमटीत दाबून किती लांब पट्टी निघते ते बघायचं, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकून फसफसतं का बघायचं. अटी तीन. पहिली म्हणजे नांगरटीचा थर धरून 50 सेंमी खोलीपर्यंत चिकणमाती किमान 30 टक्के हवी, ती तर तुमच्याकडे कधीच पार झालीय. दुसरी, वरच्या मीटरभरात कुठेतरी किमान 25 सेंमी जाडीचा असा थर हवा ज्यात स्लिकनसाइड (घासून गुळगुळीत झालेले चेहरे) आहेत किंवा पाचरीसारखी तिरकी ढेकळं आहेत. तिसरी, ठरावीक काळाने उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या भेगा.

स्लिकनसाइड पुस्तकात वाचून कधीच कळत नाही. साधारण दोन-अडीच फूट खाली भिंतीतलं एक मोठं ढेकूळ हाताने अलगद ओढून काढायचं, चाकूने कापायचं नाही, ते आपल्याआपण तिरकं सुटतं आणि सुटलेला चेहरा शेणाने सारवून वर हात फिरवल्यासारखा गुळगुळीत चमकतो, त्यावर बारीक समांतर रेघोट्या असतात. माती मातीवर घासली गेल्याची ती खूण. हलक्या जमिनीत शंभर खड्डे खणा, हे दिसणार नाही.

भेगांच्या बाबतीत मात्र मी स्वतः सपशेल तोंडावर पडलोय, तो किस्सा सांगतो म्हणजे हवामानाचा मुद्दा आपोआप समजेल. मार्च महिना, संत्र्याच्या बागेत खड्डा घेतला, स्लिकनसाइड झकास, माती काळीभोर, पण जमिनीवर भेग म्हणून नाही, मी वहीत लिहिलं ‘भेगा आढळल्या नाहीत’ आणि डोक्यात भलत्याच नावाची जुळवाजुळव सुरू केली. बागेचे मालक, सत्तरीचे असतील, काठी घेऊन आले, म्हणाले, “कायले एवढा खड्डा खंदून राह्यले भाऊ?” सांगितलं की अशा अशा भेगा शोधतोय. ते हसले. “अबे पाण्याच्या जमिनीत भेग कशी भेटंन? इकडं या.” धुऱ्यापलीकडे पडीक तुकडा होता, बागेपासून वीस-पंचवीस फूट, माती तीच. तिथे त्यांनी हातातली काठी भेगेत उभी सोडली, तर ती मुठीपर्यंत आत. म्हणाले, मे महिन्यात इथून बैल नेत नाही मी, पाय फसते. टॅक्सॉनॉमीत भेगांच्या दिवसांच्या अटीला ‘ओलीत नसेल तर’ (म्हणजे पाणी दिलेलं नसेल तर) अशी पुस्ती जोडलेली आहे, ती मी परीक्षेत लिहिली पण होती, आणि त्या दिवशी सोयीस्करपणे विसरलो होतो.

तर भेगा ‘किती दिवस’ उघड्या राहतात यावर ते ‘अस्ट’ ठरतं, नुसत्या पडतात का यावर नाही. नेहमीच्या जमिनींना पद्धत वेगळी आहे. तिथे मातीतला एक ठरावीक पट्टा धरतात, चिकण जमिनीत साधारण 10 ते 30 सेंमी खोलीचा, आणि तो वर्षात किती दिवस सुका असतो ते मोजतात. मोजतात म्हणजे काय, कोण वर्षभर तिथे बसणार, महिन्यामहिन्याचा पाऊस एका बाजूला आणि बाष्पीभवनाने जाऊ शकणारं पाणी दुसऱ्या बाजूला मांडून थॉर्नथ्वेट-माथर यांच्या पद्धतीने पाण्याचा ताळेबंद घालतात, किंवा न्यूहॉलच्या मॉडेलमध्ये आकडे टाकतात. आपल्यासारख्या गरम मुलखात तो पट्टा एकूण 90 दिवस किंवा जास्त सुका राहिला तर ओलाव्याची राजवट अस्टिक धरतात, आणि त्याहून फारच कोरडं असेल, म्हणजे अर्ध्याहून जास्त वर्ष सगळा पट्टा सुका आणि सलग 90 दिवस ओल टिकतच नाही, तर मग अॅरिडिक.

पण काळ्या भारी जमिनीत हा हिशेब गंडतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात भारी गोष्ट हीच. जूनचा पहिला जोराचा पाऊस आला की पाणी वरून मुरत मुरत खाली जात नाही, ते धो धो भेगांतून थेट तळाला जातं, म्हणजे जमीन वरून ओली, तळाशी ओली आणि मधे कोरडी ठणठणीत. मग तो 10 ते 30 चा पट्टा सुका आहे की ओला हे विचारण्यात अर्थच राहत नाही. म्हणून व्हर्टिसॉलपुरतं टॅक्सॉनॉमीने ते माप सोडून दिलं आणि सरळ भेगांचे दिवस धरले. वरच्या 50 सेंमीत, किमान 25 सेंमी जाडीतून गेलेली, 5 मिमी किंवा जास्त रुंद भेग वर्षात एकूण 90 दिवस तरी उघडी हवी, की झाली अस्टर्ट. पुढे त्यातही पायऱ्या आहेत, 150 दिवसांपेक्षा कमी असेल तर नावात ‘युडिक’ (म्हणजे ओलसर बाजूची) लागतं, 210 किंवा जास्त असेल तर ‘अॅरिडिक’, मधलं असेल आणि बाकी काही भानगड नसेल तर टिपिक.

तुमच्याकडचाच हिशेब करा ना. सोयाबीन निघाल्यावर पडीक ठेवलेल्या तुकड्यात समजा 1 डिसेंबरला भेग 5 मिमीची झाली आणि 15 जूनपर्यंत मिटली नाही, तर दिवस होतात 197. टिपिक. बस, रिपोर्टातला शब्द एवढ्यावर आलाय. यवतमाळ-वर्ध्यापेक्षा पश्चिमेला, अकोला-बुलढाण्याकडे पाऊस कमी होत जातो तशी भेग लवकर उघडते आणि उशिरा मिटते, तिकडच्या काही जमिनींच्या नावात अॅरिडिक दिसतं ते त्यामुळे.

मग हवामानाचा तक्ता कशाला, भेगाच मोजाव्यात? मोजाव्यात खरं, पण तुम्ही बघाल ते एकच वर्ष आणि ते दुष्काळाचं निघालं तर? म्हणून ‘नॉर्मल वर्ष’ धरायचं असतं, 30 किंवा जास्त वर्षांच्या सरासरीच्या आसपासचं. नागपूरकडे सरासरी पाऊस हजार-अकराशे मिमी, एकट्या जुलैत 300 च्या आसपास, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. वर्षाचा बेरजेचा आकडा ऐकून माणूस म्हणतो वा, भरपूर पाऊस, पण चार महिने जमीन पाणी पिऊन तुंबलेली आणि उरलेले आठ महिने सुकत सुकत तोंड वासणारी, ते बेरजेत दिसत नाही. तक्ता बघताना कधीच खालची बेरीज बघू नका, महिने बघा. आणि पर्जन्यमापक शेतापासून किती लांब आहे तेही विचारा, मी एकदा 35 किलोमीटरवरचा आकडा उचलून ताळेबंद घातला होता, वरिष्ठांनी कागद परत दिला, वर काही लिहिलं पण नाही.

तापमानाचं काम सोपंय. 50 सेंमी खोलीवर मातीचं वर्षाचं सरासरी तापमान 22 डिग्री किंवा वर आणि उन्हाळा-हिवाळ्यात 6 डिग्री किंवा जास्त फरक, की हायपरथर्मिक. नागपूरच्या हवेचीच सरासरी 27 च्या आसपास आहे, माती त्याहून थोडी गरमच असते, म्हणजे वाद नाही. गंमत एवढीच की या व्याख्येतला उन्हाळा जून-जुलै-ऑगस्ट आहे, अमेरिकेचा, आपला मे महिना ज्यात नागपूरला पारा 45 ला टेकतो तो त्यात धरतच नाहीत! तरी फरक निघतो कारण डिसेंबर-जानेवारी तुमच्याकडे चांगला गार असतो. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याला हा फरक 6 च्या खाली जातो, म्हणून तिकडच्या जांभ्या जमिनीच्या नावात ‘आयसोहायपरथर्मिक’ दिसतं. हे बियाणं घ्यायला जाताना कामाचं नाही, पण दोन गावांच्या मातीची तुलना करताना लागतं, इथला प्रयोग तिथे चालेल का हे त्यावरून बघतात.

आता एक गोष्ट रिपोर्टवाले सहसा समजावून सांगत नाहीत. हवामान सगळ्या गावाला सारखं असतं, माती नसते. टेकडीच्या माथ्यावर, जिला तुमच्याकडे बरडी म्हणतात, तिथे वीतभर मातीखाली खडक लागतो, ती लिथिक अस्टॉर्थेंट. उतारावर जरा खोल, थोडी भेगाळणारी, तिचं नाव बहुतेक व्हर्टिक हॅप्लस्टेप्ट. नाल्याकाठच्या सपाटीला ती खरी काळी, तुमची हॅप्लस्टर्ट. पाऊस तिघींवर तेवढाच पडला, पण वरचं पाणी आणि वरची माती हजारो वर्षं खाली उतरत राहिली. गंमत म्हणजे इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात सारा ठरवताना काळी, मोरंड, खरडी, बरडी हे जे वर्ग धरले होते ते शेतकऱ्यांच्याच तोंडचे होते, आणि आमचे खड्डे बऱ्याचदा त्याच ओळीने जातात.

म्हणून नकाशाचा स्केल आधी बघा. नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो (1976 पासून आहे, अमरावती रोडवर) यांचे राज्याचे नकाशे 1:2,50,000 चे आहेत, म्हणजे कागदावरचा एक सेंमी म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटर. त्यात तुमचं चार एकराचं शेत टोकदार पेन्सिलीच्या टिंबाएवढं पण नाही, आणि तिथे एकेका तुकड्यात दोन-दोन माती मिळून लिहिलेल्या असतात. रिपोर्ट 1:10,000 च्या गावपातळीच्या कामातून आला असेल तर जास्त विश्वास ठेवा. आणि मृदा आरोग्य पत्रिका म्हणजे हे नव्हे, तिच्यात पीएच, ईसी, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि बाकीची अन्नद्रव्यं मिळून 12 गोष्टी येतात, ती खतासाठी आहे, मातीची जात सांगत नाही. सातबाऱ्यावर पण शोधू नका.

तुम्ही संत्रा लावायचं म्हणताय म्हणून शेवटचं. रिपोर्टात खालच्या थरांचा ईएसपी, म्हणजे विनिमयक्षम सोडियमचं प्रमाण, असा रकाना असेल तो बघा. नावात ‘सोडिक’ यायला 15 किंवा जास्त लागतो (किंवा एसएआर, म्हणजे मातीच्या अर्कातल्या सोडियमचं गुणोत्तर, 13), पण पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर जे काम झालंय त्यात निचरा 15 च्या खूप आधीच बिघडतो असं दिसलंय, त्यामुळे नाव टिपिक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. 60 टक्के चिकणमातीत पाणी आधीच मुश्किलीने उतरतं, त्यात 7-8 चा ईएसपी असेल तर पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून डिंक्या रोग आलाच समजा. मी असतो तर हॅप्लस्टर्ट दाखवलेल्या तुकड्यात कापूस-तूर ठेवली असती आणि संत्रा वर उतारावरच्या मुरूम लागणाऱ्या मध्यम जमिनीत नेला असता, अर्थात तिथे पाणी पोचत असेल तर. खालीच लावायचा असेल तर गादीवाफा आणि चर काढल्याशिवाय हात घालू नका.

रिपोर्टातला थरवार तक्ता, म्हणजे खोली, चिकणमाती, पीएच, चुना आणि ईएसपी, एवढ्या पानाचा फोटो टाका. आणि मेमध्ये शेतावर गेलात तर ओलीत नसलेल्या तुकड्यातल्या भेगेत घरातली टेप सोडून खोली बघा आणि तोही फोटो टाका, मग टिपिक बरोबर आहे का ते सांगतो.