‘तूं घराच आसा मगो?’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं

डिचोलीहून लिहिणाऱ्या ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. घरून ऑनलाइन काम, एकत्र कुटुंब, सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा, दहाच्या सुमारास मासेवाली, शेजारी बांधकामाचं कटर, मध्येच सासूबाईंची हाक. वीस मिनिटंसुद्धा सलग बसता येत नाही, तर महागातले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यावेत की म्हापशात एखादी खोली भाड्याने बघावी, असं तुम्ही विचारलंय. त्यात ‘मी कामाला बसले की सगळ्यांना माझी आठवण येते’ असं एक वाक्य आहे. ते वाचलं आणि मला २०२३ चा मार्च आठवला, म्हणून हे एवढं लांबलचक.

मीही गोव्यातच, फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. बरीच वर्षं घरूनच हिशेबाचं काम करते, जास्त करून इंग्लंडमधल्या छोट्या धंद्यांचं. पगार, बिलं, बँकेचा ताळमेळ. आधीच सांगते, मी मानसशास्त्र वगैरे शिकलेली नाही आणि माझ्या घरात आता लहान मूल नाही. तुमच्याकडे असेल तर यातला अर्धा सल्ला बाद समजा. फोन लांब ठेवा, नोटिफिकेशन बंद करा, हे तुम्ही करून झालं असणार, ते पुन्हा लिहीत नाही.

हेडफोनचं आधी उरकते. पंखा, पाण्याचा पंप, पावसाची झड असे एकसारखे आवाज त्यात चांगले दबतात. माणसाचं बोलणं आणि कटर मात्र थोडंसं कमी होतं, जात नाही. पण मुळात पोदेराच्या भोंग्याने माझं काम कधी मोडलेलंच नाही. तो भोंगा माझ्यासाठी नसतो. सासरे फाटकापर्यंत जातात, पोई घेतात, दोन शब्द बोलतात आणि येतात. कान सरावतो. काम मोडतं ते आपल्या नावाने हाक आली की. आणि हाक मारणाऱ्याला हेडफोन दिसले तर तो खांद्याला हात लावतो, एवढाच फरक.

माझी चूक अशी की मी टेबल सोप्यावर मांडलं. घरात शिरल्यावर पहिली खोली, रस्त्याकडे खिडकी, वारा, उजेड, राउटरही तिथेच. मला वाटलं, काय छान जागा! या जागेने माझं वाटोळं केलं. फाटकातून येणाऱ्याला आधी मी दिसायचे, तेही कॉम्प्युटरपुढे बसलेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेजारच्या काकींचं विजेचं बिल ऑनलाइन भरून दिलं, तिथून सुरुवात झाली. मग ‘गृह आधारचे दीड हजार जमा झाले का बघ गो’, म्हणजे गृहिणींना मिळणारी सरकारी मदत. मग दयानंद योजनेचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, पैसे का अडकले. मग कुणाच्या पोरीचा कॉलेजचा फॉर्म. प्रत्येकाची सुरुवात ठरलेली, तू घरीच आहेस ना: “वयनी, तूं घराच आसा मगो? मात्शें पळय गो, पांच मिंटांचें काम.” नवरा दुकानात बसतो, त्याच्याकडे भर दुपारी कुणी फॉर्म घेऊन जात नाही. तो ‘कामावर’ असतो. मी ‘घरात’.

आणि मग आलं पॅन-आधार जोडणीचं प्रकरण. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: मुदत होती ३१ मार्च २०२३ आणि दंड १,००० रुपये. आधी आयकर खात्याच्या पोर्टलवर दंडाचं चलन भरायचं, मग चार-पाच दिवस थांबायचं, ते पैसे पोर्टलवर दिसू लागले की पुन्हा जाऊन जोडणी करायची. म्हणजे एक माणूस दोनदा येणार, हे धरूनच चला. त्यात नावांचा गोंधळ. बायकांचं आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. एकाच्या आडनावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन. त्या महिन्यात माझ्या फोनमध्ये तीसेक माणसांच्या आधार कार्डांचे फोटो साठले होते. (हे अजिबात करू नका. उद्या काही झालं तर संशय तुमच्यावर. मी नंतर एका बैठकीत सगळे पुसून टाकले.)

२८ मार्च, मंगळवार. माझ्या एका क्लायंटकडे पगार शुक्रवारी, ३१ तारखेला व्हायचा होता. तिकडे बॅक्स नावाच्या पद्धतीने पगार जातात. आज फाइल चढवली की तिसऱ्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात. म्हणून मी नेहमी एक दिवस हातचा ठेवून मंगळवारी त्यांच्या दुपारी बाराच्या आत फाइल चढवायची. आता गंमत बघा. आदल्याच रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे सरकली होती. त्यांचे बारा म्हणजे आठवड्यापूर्वीपर्यंत आपले साडेपाच, आता साडेचार. भिंतीवरच्या माझ्या कागदावर साडेपाचच लिहिलेलं.

चारला पलीकडच्या वाड्यावरचे एक आजोबा आले. त्र्याऐंशी वर्षांचे, छत्री टेकत, उन्हातून चालत. शुक्रवारी त्यांचा दंड भरून दिला होता, आता जोडणी. त्यांच्या आधारवर फक्त जन्मसाल, पॅनवर पूर्ण तारीख. पोर्टलवर त्यासाठी एक छोटा चौकोन असतो, ‘आधारवर केवळ जन्मवर्ष आहे’ अशा अर्थाचा, तो मला दिसलाच नाही. दोनदा नकार आला. ओटीपी त्यांच्या बटनांच्या फोनवर, तो फोन रिचार्जच्या मेसेजनी गच्च भरलेला, नवा मेसेज शिरायलाच तयार नाही. मी त्यांचे जुने मेसेज एकेक करून पुसत बसले. आजोबा कीबोर्डवर आधार कार्ड ठेवून शांतपणे सांगत होते, “बाय, तूं शिकल्ली, तुका कळटा.” तेवढ्यात क्लायंटचा मेसेज: फाइल कुठे आहे? घड्याळ बघितलं, चार वीस. एका हातात आजोबांचा फोन, दुसऱ्या हाताने फोल्डर उघडला. त्यात दोन फाइली, नावं जवळजवळ सारखी, शेवटी ‘फायनल’. वरची उचलली, चढवली, ‘झालं’ म्हणून कळवलं. आणि ओटीपीची मुदत संपायच्या आत परत पोर्टलवर.

ती फाइल फेब्रुवारीची होती.

शुक्रवारी सकाळी कळलं. फेब्रुवारीअखेर नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाला पूर्ण पगार पुन्हा मिळाला. मार्चमध्ये नवीन लागलेल्या दोघींना एक पैसा नाही. वर तिकडच्या करखात्याला पगाराचा अहवाल पगाराच्या दिवसापर्यंत द्यावा लागतो, तो मी सोमवारीच बरोबर मार्चचा दिला होता, म्हणजे अहवालात एक आणि बँकेत दुसरंच. क्लायंटचं बरोबर होतं, ज्यांना पगार नाही मिळाला त्यांचं घरभाडं थकणार होतं. त्या दोघींचे पैसे त्याने स्वतः त्याच दिवशी पाठवले. गेलेल्या माणसाकडून परत मिळायला, मला वाटतं, दीड महिना लागला. बँकेशी चार वेळा बोलले, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा, आणि शेवटी उत्तर एकच की ज्याला गेलेत त्याच्याशी बोला. जून संपला आणि क्लायंटने काम काढून घेतलं. भांडण नाही, आवाज नाही, दोन ओळींचं नम्र पत्र. माझ्या कमाईचा जवळजवळ अर्धा भाग तो एकटा देत होता.

आता राहिलेलं ऐका. त्याच मंगळवारी, २८ मार्चलाच, सरकारने मुदत ३० जूनपर्यंत वाढवली. घाई कुणालाच नव्हती. आणि महिनाभराने दुसरंच काही शोधताना वाचलं की ऐंशी वर्षं पूर्ण झालेल्यांना ही जोडणी सक्तीचीच नव्हती. आजोबांचे हजार रुपयेही फुकट गेले. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बरेच दिवस मी लोकांवर रागावले होते. गावाला समज नाही, बाईच्या कामाला किंमत नाही, वगैरे. ते खोटं नाही. पण खरं सांगू? मला ते आवडायचं. पगारपत्रक चोख केलं तर कुणी ‘छान’ म्हणत नाही, फक्त चुकलं की फोन येतो. इकडे दहा मिनिटांत कुणाचे तरी अडकलेले पैसे सुटायचे, माणूस हात जोडून जायचा, दुसऱ्या दिवशी कोकमाच्या आगळाची बाटली नाहीतर पाच नारळ. ताळमेळ जुळत नसला की मीच खिडकीतून रस्त्याकडे बघायचे, कुणी येतंय का. तुमच्या पोस्टमध्ये सगळे व्यत्यय बाहेरून आलेत. एकदा आठवडाभर लिहून बघा, कितीदा हाक आली आणि कितीदा तुम्ही आपणहून उठलात. माझे आकडे बघून मला लाज वाटली होती.

टेबल त्याच जुलैत हलवलं. मागच्या बाजूला, परसाकडे उघडणारी जुनी सामानाची खोली. अंधारी आहे, वारा कमी. वायफाय तिथे पोचत नव्हतं. दुकानदार मला महागडं काहीतरी विकायला निघाला होता, त्याऐवजी भिंतीच्या कडेने साधी लॅनची केबल ओढली, सात-आठशे रुपयांत भागलं. आता फाटकातून मी दिसत नाही. एवढ्यानेच निम्मी माणसं आल्या पावली परत जातात. आमच्या सासूबाई पहिल्यांदा “आतां भितर लिपून बसता” म्हणाल्या. पण चार दिवसांनी त्याच येणाऱ्यांना सांगायला लागल्या, “ती कामार आसा.” घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने उंबऱ्यावर म्हटलेलं हे वाक्य कुठल्याही ॲपपेक्षा जास्त चालतं. मी म्हटलं असतं तर शिष्ट ठरले असते. तुमच्या सासूबाईंना तुमचा एखादा पगार हातात मोजून दाखवा. हे गमतीने लिहीत नाही, आमच्याकडे गाडी त्यानंतरच वळली.

फॉर्म भरणं बंद केलं नाही. गावात राहून ते जमणार नाही आणि जमवूही नये, गणेश चवथीला याच लोकांच्या घरी जायचंय. शनिवारी दहा ते बारा, सोप्यावर. पैशांचा व्यवहार असेल तर सरळ सीएससी सेंटरला, म्हणजे ऑनलाइन सरकारी कामं करून देणाऱ्या केंद्रात, पाठवते. सुरुवातीला दोन घरं दुखावली. त्यातलं एक अजून पुरतं सुधारलेलं नाही.

कामाची वेळ गावच्या घड्याळाला बांधा, ऑफिसच्या नको. मासेवाली येऊन जाईपर्यंत, म्हणजे अकरापर्यंत, मी डोकं लागणारं काम हातात घेतच नाही. ईमेल, बिलं चढवणं, फुटकळ. खरं काम दीड ते चार. जेवणं झालेली, दुकानं बंद, आख्खा वाडा झोपलेला, कुत्रीसुद्धा सावलीला. बाहेरचे लोक आपल्या दुपारच्या झोपेवर विनोद करतात, मी त्या झोपेवर पोट भरते. उन्हाळ्यात इंग्लंडचे नऊ आपल्या दीडलाच वाजतात, त्यामुळे माझं आयतंच जुळलं. तुमचं काम अमेरिकेचं असेल तर हे लागू नाही, तिथे रात्रीचा वेगळा छळ आहे.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टीची ती टोमॅटोवाली पद्धत पुष्कळ जण सांगतील. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला बरी असेल. ताळमेळाचा धागा सापडायलाच मला वीस मिनिटं लागतात, पंचविसाव्याला घंटा वाजली की घड्याळ परसात फेकावंसं वाटतं. सोफी लेरॉय यांच्या २००९ च्या संशोधनाबद्दल वाचलं होतं, की एक काम अर्धवट टाकून दुसरं घेतलं तर मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. त्या मंगळवारी माझा निम्मा जीव आजोबांच्या ओटीपीत होता, त्यामुळे मला ते लगेच पटलं. आता कुणी मध्येच उठवलंच, तर आधी कागदावर एक ओळ लिहिते: कुठे होते, पुढचा आकडा कुठला. मग उठते. आणि पैशांची फाइल चढवण्याआधी तिच्यातल्या माणसांची संख्या आणि एकूण रक्कम मोठ्याने वाचते. खोलीत एकटीच असते, वेड्यासारखं वाटतं, पण वाचते.

पावसाळ्यासाठी एक. माडाचं चुडत तारेवर पडलं की आमच्याकडे दोन-दोन तास वीज नसते. इन्व्हर्टर असला तरी राउटर आणि फायबरची ती छोटी पेटी ज्या पॉइंटवर आहे तो इन्व्हर्टरवर घेतलाय का, हे जूनच्या आधी बघा. आमचा नव्हता. लॅपटॉप चालू, पंखा चालू, नेट बंद. दोन्हींसाठी हजार-दीड हजारांत छोटा बॅकअप मिळतो. चवथीचे पाच-सहा दिवस काम होणार नाही हे क्लायंटला महिनाभर आधी लिहून टाका. गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधता बांधता फोनवर उत्तरं देण्याचा प्रयोग मी केलाय, दोन्ही कामं वाकडी होतात.

राहता राहिली म्हापशाची खोली. भाडं आणि जाण्यायेण्याचा खर्च बसत असेल तर घ्या, मी नाही म्हणणार नाही. फक्त शुक्रवारच्या बाजाराकडे खिडकी नसलेली बघा. आणि चावी एकच ठेवा, घरी दुसरी दिलीत तर त्या खोलीत आठवड्याभरात नारळ साठवायला लागतील.