नव्या समीक्षकास

आपल्या कोल्हापुरात चित्रपट पाहिलात की लगेच मत लिहून मोकळे होऊ नका. रंकाळ्याला एक फेरी मारा आणि कोणते दृश्य मनातून हलत नाही ते पाहा. ‘कोर्ट’मध्ये (२०१४) सुट्टी लागल्यावर न्यायालयातील दिवे मालवले जातात, पडदा काळोखा होतो, चित्रपट संपला असे वाटते, आणि त्यानंतर सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात, हा क्रम दिग्दर्शकाने का ठेवला असेल, याचा शोध घेणे हे आपले काम आहे, ‘संथ’ असा शेरा मारणे नव्हे. माहितीपटाबाबत तर विषय थोर म्हणून कृतीही थोर, ही गल्लत मी स्वतः अनेक वर्षे केली. आनंद पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’साठी १४ वर्षे चित्रण केले; तो काळ माणसांच्या चेहऱ्यांवर कसा उतरला आहे, ते आधी नीट पाहा, मग आशयाविषयी लिहा.