वाचकांचे प्रश्न : नव्या वर्षाचा संकल्प चाळीस आठवड्यांचा धरा

प्रश्न : दरवर्षी १ जानेवारीपासून पहाटे पाचला उठून तासभर चालायचं ठरवते. संक्रांतीपर्यंत कसंबसं जमतं, मग गजर बंद करून झोपते. वय ४६, बँकेत नोकरी, सकाळी तीन डबे आणि ७.४०ची लोकल. माझी इच्छाशक्तीच कमी पडते का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : इच्छाशक्तीला बोल लावण्याआधी झोपेचा हिशोब मांडा. रात्री ओटा आवरून पाठ टेकायला साडेअकरा होत असतील, तर पाचच्या गजराने साडेपाच तासच झोप मिळते. दहा-बारा दिवस शरीर सोसतं, मग थकबाकी वसूल करतं. त्यामुळे पहाटेचा हट्ट सोडा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगते. ती एका दमात व्हायला हवी असं नाही, तुकड्या-तुकड्यांनी केलेलंही धरलं जातं. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. संध्याकाळी स्टेशनवरून घरी यायला रिक्षा करत असाल, तर तेच अंतर चाला. पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं, म्हणजे वाटेत उतरून उरलेलं अंतर चाललात तरी चालेल. दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं वाढवा. नवव्या आठवड्यात, मार्चच्या सुरुवातीला, तुम्ही तीस मिनिटांवर असाल. आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटं झाली की दीडशे भरली.

आता खरी अडचण. तुम्ही बँकेत आहात, म्हणजे मार्च एंडिंगला घरी यायला नऊ वाजणार, हे आजच ठाऊक आहे. मग मुलांच्या परीक्षा, मे महिन्यातली लग्नं, जुलैचा पाऊस, गणपती, दिवाळी. संकल्प करताना आपण हे सगळं विसरतो आणि ५२ आठवडे सारखेच धरतो. वर्ष चाळीस आठवड्यांचं धरा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर अडचणीचे बारा आठवडे आत्ताच पेन्सिलीने रेघ मारून वेगळे करा. त्या आठवड्यांतही शून्य नको. जेवणानंतर गच्चीत किंवा सोसायटीच्या आवारात पाच मिनिटं फिरलात तरी तो दिवस धरायचा. चालून आलात की तारखेच्या चौकोनात, दुधाच्या ‘१ लि.’च्या शेजारी, मिनिटांचा आकडा लिहा. नुसती बरोबरची खूण करू नका. आकडा लिहिला की कुठल्या वारी पाय मागे पडतात ते महिन्याअखेरीस दिसतं. गुरुवार सतत रिकामा असेल तर गुरुवार सुट्टीचा ठेवा.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे मनातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय लागायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ निघाला. वेगवेगळ्या माणसांचे अंदाज मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा एक दिवस चुकला म्हणून सोडू नका, फक्त सलग दोन दिवस चुकू देऊ नका. मधुमेह किंवा गुडघेदुखी असेल, किंवा धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : पगार ३२,००० हातात येतो. दरमहा १०,००० शिल्लक टाकायचं ठरवतो, पण चौथ्या-पाचव्या महिन्यात आरडी मोडावी लागते. काय चुकतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वर्षातून एकदाच येणारे खर्च तुम्ही धरलेले नाहीत. गेल्या बारा महिन्यांचं पासबुक घ्या आणि असे खर्च शोधा. समजा, जूनमध्ये शाळेची फी १८,०००, दिवाळी १०,०००, विम्याचे हप्ते ८,४००, गावची जत्रा ६,०००. बेरीज ४२,४००, भागिले बारा, म्हणजे महिन्याला साधारण ३,५५०. हे पैसे शिल्लक नव्हेत, पुढे ढकललेला खर्च आहे. ते वेगळ्या बचत खात्यात ठेवा, आरडीत नको. मुदतीआधी मोडली की व्याज कमी मिळतं.

आरडी २,००० ने सुरू करा, मुदत १२ महिने. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, म्हणून पहिल्या वर्षी बँकेची बरी. हप्ता पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप कापला जावा. पंचवीस तारखेला उरलेलं टाकू म्हटलं की काही उरत नाही. वर्षाअखेरीस २४,००० आणि वर व्याज जमेल, म्हणजे अडीनडीला जवळपास एका महिन्याचा घरखर्च. १०,००० च्या मानाने ही रक्कम लहान वाटेल, पण ती मोडणार नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. पगारवाढ झाली की वाढीतली निम्मी रक्कम नव्या आरडीत वळवा.

प्रश्न : या वर्षी ५० पुस्तकं वाचायची आहेत. शक्य आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तीनशे पानांची ५० पुस्तकं म्हणजे १५,००० पानं, रोजची ४१. सध्या रोज वाचत नसाल तर दहा पानांनी सुरुवात करा. चाळीस आठवडे, २८० दिवस, २,८०० पानं. नऊ पुस्तकं नक्की होतील. पुस्तकांचा आकडा ठरवला की मन जाडजूड कादंबरी टाळून पातळ पुस्तकं निवडू लागतं, म्हणून पानं मोजा. पुस्तक कपाटात न ठेवता उशाशी ठेवा, आणि फोनचा चार्जर बाहेरच्या खोलीत. पन्नास पानांनंतरही गोडी लागली नाही, तर ते ग्रंथालयात परत करून दुसरं आणा.