उतारा सोपा करताना

मॅडम, सातवीच्या पोरांना जड जातो म्हणून तुम्ही इंग्रजीचा उतारा निम्मा कापलात, तसं नका करू. ‘बिकॉज’, ‘सो’, ‘बट’ तर मुळीच काढू नका. वाक्य लहान होतं, पण कारण हरवतं. ‘द फार्मर हू लॉस्ट हिज क्रॉप सोल्ड द बुल्स’ घ्या. आपण ‘ज्याचं पीक गेलं, त्यानं’ असं बोलतो, म्हणून मधल्या ‘हू’पाशी पोरं अडतात. दोन वाक्यं करा: ‘द फार्मर लॉस्ट हिज क्रॉप. सो ही सोल्ड द बुल्स.’ ‘ड्राउट’ हा शब्द मात्र ठेवाच, शेजारी ‘नो रेन फॉर अ लाँग टाइम’ लिहा. बीडच्या लेकरांना दुष्काळ समजावावा लागत नाही हो, फक्त शब्द हवा असतो. आणि शेवटी मूळ उतारा वाचायला द्याच. तोवर तो त्यांना झेपतो.