जुनी सुतारी मशिनं : किलोवर द्यावीत की थांबावं?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला: वडिलांचं भोसरीतलं पॅटर्न शॉप (ओतकामासाठी लाकडी नमुने बनवायचं दुकान) बंद झालं. आत वाडकिनचा प्लेनर (लाकूड रंधून सपाट करणारं मशीन), एक मोठा बँडसॉ (पट्ट्याच्या पात्याची करवत), पेटीभर रंधे आणि 'बरंच सुटं लोखंडी सामान' पडून आहे. भंगारवाला सगळं एकत्र किलोवर मागतोय, आणि इंग्लंडच्या साइटवर तसल्याच प्लेनरला हजारो पाउंड लिहिलेले दिसतात. यातला खरा आकडा कोणता?

दोन्ही नाहीत. भंगाराचा भाव ही तुमची तळाची किंमत. ती आधी काढून ठेवा: बिडाचा (कास्ट आयर्नचा) त्या दिवसाचा दर गुणिले अंदाजे वजन. दर ३० रुपये धरला आणि प्लेनर ४०० किलोचा निघाला, तर १२ हजार. याच्या खाली कुणालाही द्यायचं नाही, एवढाच त्या आकड्याचा उपयोग. इंग्लंडचा आकडा मात्र डोक्यातून काढून टाका. तिथे लिहिलेली ती मागणी असते, सौदा नव्हे. आणि बहुतेकदा ते मशीन उघडून, बेअरिंग बदलून, रंगवून, चालू करून ठेवलेलं असतं. तुमची वरची मर्यादा वेगळीच आहे: तेवढ्याच रुंदीचं नवं मशीन आज पुण्यात केवढ्याला मिळतं? गिऱ्हाईक मनात तोच हिशेब करत येतं.

मी जुनी सुतारी मशिनं दुरुस्त करतो, काही विकतोही, आणि माझं मत स्पष्ट आहे. मशीन किती जुनं आहे याला पैसे मिळत नाहीत, ते किती पुरं आहे याला मिळतात. म्हणून सुरुवात त्या सुट्या सामानापासून करा. भंगारवाला तेच आधी पोत्यात भरेल.

प्लेनरचा फेन्स (लाकूड टेकवायची उभी कड), कटरब्लॉकवरचं (पाती बसवलेल्या फिरत्या ठोकळ्यावरचं) गार्ड, पाती आवळायच्या पट्ट्या, बेड (वरची सपाट टेबलं) वरखाली करायचं चाक, मूळचा पाना, बँडसॉचे गाइड आणि टेबलाच्या मधली ती छोटी चकती. यातलं काही हरवलं की गिऱ्हाईक ते दुकानात जाऊन नवं आणू शकत नाही, ते बनवून घ्यावं लागतं. फेन्ससाठी पॅटर्न, ओतकाम, मशीनिंग एवढं सगळं आलं. त्यामुळे फेन्स नसलेला प्लेनर बघताना गिऱ्हाईक सौद्यातून मोठी रक्कम कापतं, आणि ते रास्तच आहे. बोल्टसुद्धा टाकू नका. जुन्या इंग्लिश मशिनांना व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचे) आटे असतात. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे इंचात १२ आटे, अमेरिकन मापाचे १३. कुणी जबरदस्तीने भलता बोल्ट ठोकला की बिडातले आटे गेले, आणि जाणकार पहिल्यांदा तीच भोकं बघतो.

आता प्लेनर. वाडकिन ही मुळात इंग्लंडमधल्या लेस्टरची कंपनी, १८९७ साली सुरू झालेली, आणि तिचं ओतकाम आजही बघण्यासारखं आहे. प्लेटवरचा नंबर आणि मॉडेलची अक्षरं खडूने उजळून फोटो काढा. प्लेट उखडू नका, घासूही नका. बेडवरच्या तांबूस गंजाची काळजी नको, तो रॉकेल आणि बारीक घासणीने निघतो. खड्डे पडलेला गंज वेगळा. बेडवर सरळ पट्टी उभी धरा आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) सरकवून बघा. दोन्ही बेड जोडून ०.१ मिमीची पात कुठेच शिरत नसेल तर ही गोष्ट जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहा, कारण गिऱ्हाईक नेमकं तेच विचारणार आहे. सुटे बिडाचे भाग, म्हणजे पुली, फेन्स, हँडल, दोरीला टांगून लाकडाने टकटक करा. अखंड बीड खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तडा असेल तर सांगून विका.

कटरब्लॉक गोल आहे की चौकोनी, हे नक्की बघा. फार जुन्या प्लेनरला चौकोनी ब्लॉक असतो. फिरताना त्याच्या सपाट बाजूपाशी मोठी फट पडते आणि बोट आत ओढलं जातं. असं मशीन रोजच्या कामासाठी मी कुणाला देत नाही आणि तुम्हीही देऊ नका. ते शोभेला किंवा सुट्या भागांसाठी म्हणूनच, तसं लिहून विका.

मोटरचा मुद्दा लोक विसरतात, पण पुण्यात सौदा बहुतेक तिथेच अडतो. भोसरीच्या शेडमध्ये थ्री फेज असतं आणि इंग्लिश मोटर आपल्या ४१५ व्होल्ट, ५० सायकलवर (हर्ट्झवर) मुकाट्याने चालते. पण आज असली मशिनं हौसेने घेणारा बराचसा माणूस कोथरूड-बावधनला बंगल्याच्या गॅरेजमध्ये काम करतो, त्याच्याकडे २३० व्होल्टचा सिंगल फेज. मोटरचं झाकण उघडून बघा, वाइंडिंगची तीन टोकं बाहेर आली आहेत की सहा. सहा असतील आणि मोटर ४१५ ला स्टारमध्ये जोडलेली असेल, तर ती डेल्टामध्ये जोडून (स्टार, डेल्टा या टोकं जोडायच्या दोन पद्धती) छोट्या व्हीएफडीवर, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज देणाऱ्या उपकरणावर, घरच्या विजेवर चालवता येते. तीनच असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून आतली टोकं बाहेर काढून घ्यावी लागतात. त्या झाकणाखालचा एक स्वच्छ फोटो टाकलात की गॅरेजवाल्या गिऱ्हाइकाची निम्मी भीती जाते. हे वाचणाऱ्या कुणाकडे अमेरिकन मशीन असेल, तर प्लेटवर ६० सायकल लिहिलंय का बघा. मिनिटाला १७२५ फेऱ्यांची मोटर आपल्याकडे १४४० च्या आसपास फिरते, पुली बदलावी लागते.

बँडसॉबद्दल थोडक्यात: चाकं हाताने हलवून खेळ बघा, चाकावरचं रबर बघा. मोठा बँडसॉ घरच्या हौशी माणसाला नको असतो, त्याची उंचीच दारातून जात नाही. तो भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास किंवा एखाद्या फर्निचरवाल्या कारखान्यातच खपेल, आणि भंगाराच्या दुपटीच्या आत भाव आला तरी मी देऊन टाकीन.

रंध्यांकडे मात्र निवांत बसून बघा. किलोमागे हिशेब केला तर सगळ्या शॉपमधलं महाग सामान बहुधा त्या पेटीत आहे. पातं काढा, त्याखालचा फ्रॉग (पातं ज्यावर टेकतं तो भाग) मागेपुढे बघा. स्टॅन्लेचा अमेरिकन रंधा असेल तर फ्रॉगमागे बेडच्या बिडात पेटंटच्या तारखा ओतलेल्या सापडतील. तीन तारखा असतील, शेवटची १९१० ची, तर तो साधारण १९१० ते १९१८ मधला, आणि तो कामाच्या सुतारालाही आवडतो, संग्राहकालाही. आपल्याकडे मात्र 'मेड इन इंग्लंड'वाले स्टॅन्ले आणि शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचे रंधे जास्त निघतात. तेही चांगले, फक्त भाव बेताचा. ७ नंबरचा, म्हणजे २२ इंची रंधा, ४ नंबरच्या ९ इंचीपेक्षा कमी सापडतो, म्हणून त्याला जास्त धरा. तोंडापाशी किंवा कडेच्या भिंतीला तडा आहे का आणि पात्याची लांबी किती उरलीय, एवढं बघा. पातं कमी-जास्त करायची पितळी चकती आणि मुठीचे स्क्रू जपा. स्टॅन्लेच्या त्या चकतीचे आटे उलटे असतात आणि मुठीचा स्क्रू १२-२० मापाचा (१२ नंबर जाडी, इंचात २० आटे), बोहरी आळी पालथी घातली तरी तो मिळायचा नाही.

आणि पॅटर्न शॉप होतं म्हणून एक विशेष विचारतो: पेटीत पोलादी पट्ट्या आहेत का, ज्यांचं माप साध्या पट्टीशी जुळत नाही? त्या बिघडलेल्या नाहीत. बीड थंड होताना साधारण शेकडा एक आखडतं, म्हणून त्या पट्टीवरचे ३०० मिमी प्रत्यक्षात ३०३ असतात. पोलादासाठीची पट्टी शेकडा दोनची. 'चुकीची पट्टी' म्हणून हे सामान फेकलं जाताना मी पाहिलंय आणि वाईट वाटतं. पुण्यातल्या कितीतरी पंपांचे, इंजिनांचे साचे असल्या पट्ट्यांनी मापून झालेत. वडिलांची एक तरी घरी ठेवा.

विकायचं कुठे? मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे एक फेरी मारून रंध्यांचे भाव ऐकून या, पण तिथे विकू नका, तो पुन्हा विकणाऱ्यांचा बाजार आहे. रंधे एकेक करून, फोटोसकट ऑनलाइन. प्लेनर जागेवर चालू करून, त्याच्यावर सागाची फळी मारतानाचा व्हिडिओ दाखवून. चालू मशीन आणि 'शेवटी चालू होतं' असं मशीन यांच्या भावात फार अंतर असतं, म्हणून शेडची वीज तोडायच्या आधी हे करून घ्या. हायड्रा क्रेन आणि टेम्पोचा खर्च कुणाचा, हे भाव ठरतानाच बोला, नाहीतर उचलायच्या दिवशी वाद होतो.

परदेशातला कुणी मागत असेल तर जरा थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते, आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ती वस्तू त्यात मोडत नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय पार्सल करू नका.

भंगारवाल्याला सध्या फक्त वाकलेले अँगल, तुटके पाइप आणि जळक्या वायरी द्या. प्लेनरची प्लेट, मोटरची टोकं आणि रंध्यांचे फ्रॉगमागचे फोटो इथे प्रतिक्रियेत टाका, कोणता रंधा कोणत्या काळातला ते मी एकेक बघून सांगतो.